शेक आणि चटका

बाबांच्या तळपायावरचा फोड आईला दिसला तो त्यांनी मोजे काढल्यावर. रुपयाच्या नाण्याएवढा, पाण्याने टरारलेला. "अहो, हे कधी भाजलं? काहून नाही सांगितलं?" तिने विचारलं, तर बाबा वाकून त्या पायाकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्यांना काही कळलंच नव्हतं. आदल्या दुपारी आई देवळात गेली असताना त्यांनी टीव्हीखालच्या फळीवरून माझा डबा काढला, एक ओक्यू, म्हणजे जपानी पद्धतीच्या शेकाचं छोटंसं नळकांडं, पेटवून तळव्याला चिकटवलं आणि ऊब लागायची वाट बघितली. ऊब लागेना. म्हणून त्याच जागी दुसरं लावलं. तेही विझलं तेव्हा यात काही दम नाही असं ठरवून मोजे चढवले आणि झोपले.

तो डबा मी ओसाकाहून आणला होता, आईच्या गुडघ्यासाठी. आईला शेजारी बसवून सगळं शिकवलं होतं. बाबांना काही सांगितलं नाही, कारण त्यांनी ते वापरायचंच नव्हतं. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झालीत, पाय गार पडल्यासारखे वाटतात, रात्री मुंग्या येतात, हे मला ठाऊक होतं. तरी डबा उघड्या फळीवर ठेवून मी विमानात बसले.

परतवाड्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासला. त्यांच्याकडे नायलॉनचा एक जाडसर धागा होता. तळव्याला टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. वाकेपर्यंत तुम्हाला स्पर्श कळायला हवा. बाबांना डोळे मिटायला सांगून डॉक्टर एकेक जागा विचारत गेले, आणि बाबा दरवेळी थोडं थांबून "लावला का?" असं विचारत. आईने ते सगळं मला फोनवर सांगितलं. जखम भरायला दोन महिने लागले. वेळेवर लक्षात आलं म्हणून दोनच महिने, असं डॉक्टर म्हणाले. मधुमेहात पायाची साधी जखम कुठवर जाते हे आमच्या गल्लीतच मी पाहिलेलं आहे.

ओक्यू मी सोडलेलं नाही. आजही आठवड्यातून दोनदा लावते आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच हे लिहिते आहे. आता आपल्याकडेही मोक्साच्या, म्हणजे याच शेकाच्या, कांड्या घरपोच मिळतात, आणि त्यांच्या खोक्यावर जे लिहिलेलं नसतं ते मला लिहायचं आहे.

ओसाकात माझ्या शेजारी एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना आडनावापुढे 'सान' लावून हाक मारायचे, आणि त्या मला अगदी सुनेला बोलावतात तसं आत बोलवायच्या. जूनमध्ये तिकडे पावसाची झड लागते. हवा ओली, अंग जड. मी दिवसभर संगणकापुढे बसून संध्याकाळी जिना चढताना पाय ओढत होते, ते त्यांनी पाहिलं. मला तातामीवर, गवताच्या चटईवर, बसवलं, आधी स्वतःचीच विजार गुडघ्यापर्यंत सारली. दोन्ही गुडघ्यांखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, एकेक काळपट गोल डाग होता. चिंचोक्याएवढा, गुळगुळीत, कडेला जरा चुरगळलेला. "याइतो," त्या म्हणाल्या. ओसाकाकडचे जुने लोक ओक्यूला याइतो म्हणतात. त्यांच्या लहानपणी तांदळाच्या दाण्याएवढी मोगुशाची, वाळक्या पानांच्या लवेची, गोळी थेट कातडीवर ठेवून उदबत्तीने पेटवायचे आणि शेवटपर्यंत जळू द्यायचे. वर्षानुवर्षं त्याच जागी. "आता कुणी असं करत नाही. तूही करायचं नाहीस."

मग त्यांनी खणातून एक खोका काढला. आत बारीक बारीक वस्तू: खाली नाण्याएवढी कागदी बैठक, तिला गोंद, आणि वर बोटाच्या पेराहून लहान अशी मोगुशाची नळकांडी. बैठकीमुळे विस्तव आणि कातडी यांच्यात अंतर राहतं. औषधांच्या दुकानात हे मिळतं, सौम्य ते कडक अशा निरनिराळ्या ताकदींचं. आजींनी माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आडवी धरली आणि नडगीच्या हाडाच्या जरा बाहेर एक खळगा दाबून दाखवला. त्या जागेचं नाव आशि-सान्री. वर काडी पेटवली. पहिल्या मिनिटात काही नाही. मग ऊब आली, आणि ती टोचली नाही, तापल्या तव्यावर तूप पाघळावं तशी आत उतरत गेली. खोलीभर धुराचा वास भरला आणि मी चमकले, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. दवण्याचा नव्हे, पण दवण्याच्या सख्ख्या भावाचा.

हे नातं नंतर खरंच निघालं. आपला दवणा, चैत्रात देवाला वाहतो तो, जोतिबाच्या डोंगरावर ज्याचे भारे जातात तो, वनस्पतिशास्त्रात आर्टेमिसिया या प्रजातीतला. जपानी लोक ज्याला योमोगी म्हणतात ती झुडपंही त्याच प्रजातीतली. योमोगीच्या पानाची मागची बाजू पांढुरकी, लवदार असते. पानं वाळवायची, दगडी जात्यातून पुन्हा पुन्हा काढायची, चाळायची, वाऱ्यावर धरायची. हिरवा चुरा गळून पडतो आणि शेवटी उरते ती नुसती लव, कापसासारखी. तो मोगुसा. जितका जास्त चाळलेला तितका पिवळसर, मऊ, आणि जळताना तितका सौम्य. हिरवट, भरड मोगुसा जास्त तापतो. शंभर किलो वाळक्या पानांतून उत्तम प्रतीचा मोगुसा जेमतेम तीन किलोच्या आसपास निघतो. त्या तीन किलोंसाठी माणसं किती महिने राबत असतील याचा विचार मी तो जाळताना नेहमी करते.

'मोगुसा'चंच युरोपात 'मोक्सा' झालं, सतराव्या शतकात, डच लोकांच्या तोंडून. जपानमधल्या शिगा आणि गिफू या प्रांतांच्या हद्दीवर इबुकी नावाचा १३७७ मीटरचा डोंगर आहे. ओसाकाहून टोकियोला जाताना माइबारा स्थानक सोडलं की शिंकान्सेनच्या, तिकडच्या बुलेट ट्रेनच्या, खिडकीतून दिसतो. तिथला मोगुसा इतका नावाजलेला होता, की हजार वर्षांपूर्वीच्या एका दरबारी कवीने आपल्या मनातल्या धगीला इबुकीच्या मोगुशाची उपमा दिली. आणि १६८९ साली कवी बाशो उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा त्याने तीन गोष्टी केल्या: फाटकी विजार शिवली, टोपीचा बंद बदलला आणि आशि-सान्रीवर मोगुसा जाळला. माझ्या आजींनी बोटांनी मोजून दाखवली तीच जागा. आपल्याकडे वारीला निघताना माणूस पायांना तेल चोळतो, तसंच हे मला वाटलं.

मूळ अर्थात चीनमधलं. १९७३ साली हुनान प्रांतातल्या मावांगदुई इथे एक थडगं उघडलं. इसवीसनपूर्व १६८ मध्ये बंद केलेलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. अकरा नाड्या आणि त्यांची दुखणी त्यांत मांडलेली आहेत आणि उपाय एकच सांगितलेला आहे: तिथे शेक द्या. सुईचा उल्लेखही नाही. म्हणजे ज्या ॲक्युपंक्चरला आपण ओळखतो त्याच्या आधी बहुधा हा विस्तव होता. चिनी-जपानी लिपीतलं 'ओक्यू'तल्या 'क्यू'चं चिन्हही बघण्यासारखं आहे. वरचा भाग म्हणजे 'दीर्घकाळ', खालचा म्हणजे 'अग्नी'.

जपानीत 'ओक्यू लावणे' याचा आणखी एक अर्थ आहे: चांगली अद्दल घडवणे. व्रात्य पोराला "ओक्यू लावीन हं" अशी धमकी मिळायची, आणि जुन्या काळी ती नुसती धमकी नसायची. आजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली गेला.

आणि मला बाबांचं पोट आठवलं.

बाबांच्या पोटावर, बेंबीच्या भोवती, सात डाग आहेत. लहानपणी ते अंघोळीहून उघडे आले की मी ते मोजायचे. मेळघाटच्या पायथ्याच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. काही महिन्यांचे असताना पोट फुगलं, दूध पिईनात, रडून रडून निळे पडले. दवाखाना कुठे होता तेव्हा? मग डंबा दिला. विळा चुलीत लाल करून पोटाला लावायचा. माझी आजी, बाबांची आई, सांगायची की तिने बाळाचे हात धरले होते आणि तोंड दुसरीकडे केलं होतं. हे सांगताना तिला त्याचं समर्थन करायचं नसे आणि लाजही वाटत नसे. हाताशी तेवढंच होतं. बाबा वाचले, पण डंब्यामुळे वाचले नाहीत. डंब्यानंतरही वाचले. मेळघाटातून अशा बाळांच्या बातम्या अजून येतात, आणि अशी बातमी वाचली की मी पान उलटू शकत नाही. तान्ह्या बाळाला चटका देण्यात औषध म्हणण्यासारखं काहीही नाही. होते ती जखम, वेदना आणि दवाखान्यात पोचायला उशीर.

बाबांच्या तळपायाला भाजल्याचं कळलं त्या रात्री मला या दोन गोष्टी एकदम दिसल्या. एकाच माणसाला आयुष्यात दोनदा शेकाच्या नावाखाली भाजलं. पहिल्यांदा ते भाजतंय हे त्यांना कळत होतं, पण सांगायला तोंडात शब्द नव्हते. दुसऱ्यांदा शब्द होते, पण पायाने त्यांना काही सांगितलंच नाही. दोन्ही वेळा 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं. शेक आणि चटका यांच्यात मला दिसलेला फरक तो हाच. विस्तव दोन्हीकडे सारखाच असतो. ज्याच्या अंगावर तो आहे त्याला 'पुरे' म्हणता यावं आणि म्हटल्याबरोबर तो दूर व्हावा, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

आजीला हे माहीत होतं, निदान रोजच्या शेकापुरतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवली की ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. मगच माझ्या छातीला.

ओसाकाच्या आजींचाही पहिला नियम हाच होता. "गरम वाटलं तर छान. पोळतंय वाटलं की त्याच क्षणी काढ. सहनशक्तीची परीक्षा नाही ही." ज्या बाईच्या पायावर तसे डाग होते तिने हे सांगावं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. त्यांच्या हाताशी पाण्याची बशी असायची. काढलेलं ओक्यू थेट त्या पाण्यात. दुसरा नियम, एका बैठकीत दोन-तीन जागांपेक्षा जास्त नाही आणि एका जागी एकच. पहिल्यांदा लावणाऱ्याने सर्वात सौम्य खोकाच घ्यायचा, मग तो कितीही दणकट गडी असो. पोटभर जेवण, मद्य, ताप, यांतलं काही असेल तर त्या दिवशी नाही. अंघोळीनंतर लगेच तर नाहीच. हा शेवटचा नियम मी एकदा मोडला. गरम पाण्यातून उठून ओलसर पायावर कडक जातीचं लावलं आणि पोळायला लागल्यावरही "अजून अर्धं मिनिट" म्हणत बसले. ओली, तापलेली कातडी पटकन भाजते. नडगीवरचा तो फिकट डाग अजून आहे.

अर्धं मिनिट ही किती मोठी गोष्ट आहे ते आकड्यांत बघावं. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते ते मोजलं होतं. ४४ अंश सेल्सियसला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत एकेक अंश वाढला की वेळ साधारण निम्मा होत जातो, आणि ६० अंशांना प्रौढ माणसाची कातडी पाचएक सेकंदांत खोलवर भाजते. म्हणजे 'सोसवतंय' आणि 'भाजलं' यांच्यात फारच थोडे अंश असतात. जपानमध्ये 'तेइओन याकेदो', कमी तापमानाचं भाजणं, हा शब्द घरोघरी माहीत असतो. आपल्याकडे रबरी पिशवी पायाशी घेऊन झोपणाऱ्यांनाही तो माहीत असायला हवा.

कांडी असेल तर काळजी वेगळी. ती सिगारसारखी जाड असते. टोक पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब धरायची, दुसऱ्या हाताची बोटं त्या जागेच्या बाजूला टेकवायची म्हणजे ऊब बोटांनाही कळते. सारखी राख झटकायची, नाहीतर निखाऱ्यासकट अंगावर पडते. नायलॉनचे कपडे नकोत, मोकळे केस नकोत, गादीवर आडवं पडून करायचं नाही, पेंग येत असेल तर मुळीच नाही. आणि विझवणं! वरून पांढरी राख दिसते, आत निखारा जिवंत असतो. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली 'विझलेली' कांडी तासाभराने पेट घेऊ शकते. मी वाळूने भरलेली चिनी मातीची बरणी ठेवली आहे. कांडी टोकाकडून आत खुपसते आणि दुसऱ्या दिवशीच काढते. खिडकी उघडी हवी. धूर सुगंधी असला तरी धूरच आहे, आणि घरात दम्याचं माणूस असेल किंवा कुणाला ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असेल तर कांडी त्या घरात पेटवायचीच नाही.

चेहरा, डोळ्यांभोवती, जखम, पुरळ, फुगलेल्या शिरा, या जागा वर्ज्य. लहान मुलांना नाही. गरोदरपणात घरच्या घरी नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर सान-इन्को नावाची जागा आहे, बायकांच्या दुखण्यांसाठी ती सर्रास सांगतात, पण गरोदर बाईला तिथे लावायचं नाही हा जुना दंडक आहे. आणि जिथे जाणीव कमी आहे तिथे, मग ती मधुमेहाने असो, मणक्याच्या दुखण्याने असो की पक्षाघाताने, कसलाही शेक नाही. ओक्यू नाही, पिशवी नाही, विटेचा शेक नाही. पायांत मुंग्या येतात म्हणून शेकावंसं वाटतं, आणि बहुतेकदा तीच मुंगी सांगत असते की ही जागा आता उष्णता ओळखणार नाही.

भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काही नाही, आणि फोड फोडायचा नाही. मधुमेह असेल तर फोड कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

याने बरं काय होतं, असं मला विचारतात. मी प्रामाणिकपणे सांगते. आखडलेले स्नायू सैलावतात, थंडीत पायांना बरं वाटतं, आणि दहा मिनिटं मी एका जागी बसते, जे एरवी होत नाही. याहून मोठे दावे मी करणार नाही. धूर, वास आणि ऊब लपवता येत नाही, त्यामुळे खरं कोणतं आणि लुटुपुटीचं कोणतं हे रोग्याला कळू न देता चाचणी घेणं फार अवघड. १९९८ साली एक चाचणी गाजली होती. चीनमध्ये, पायाळू बाळ असलेल्या २६० गरोदर बायकांवर. पायाच्या करंगळीच्या नखाजवळ मोक्सा दिलेल्यांपैकी ७५.४ टक्क्यांची बाळं पस्तिसाव्या आठवड्यात डोकं खाली करून फिरलेली होती, न दिलेल्यांपैकी ४७.७ टक्क्यांची. पुढे स्वित्झर्लंडमध्ये करून पाहिलं तेव्हा तसा फरक दिसला नाही. जपानमध्ये क्यू देणाऱ्याला किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परवाना लागतो. सुयांचा परवाना वेगळा, याचा वेगळा. घरी आपण करतो ते त्या विद्येचं अगदी काठावरचं पाणी आहे. काठावरच बसावं. दुखणं आठवडाभरात हललं नाही तर खोका मिटवून दवाखान्यात जावं.

यंदा हिवाळ्यात घरी गेले तेव्हा आईच्या गुडघ्याला मी स्वतः लावलं. डबा आता कपाटात, कुलपात असतो. बाबा पलंगावरून बघत होते. "मला नाही का?" म्हणाले. त्यांच्या मानेला आणि खांद्यांना जाणीव चांगली आहे, डॉक्टरांना तसं विचारूनही घेतलं होतं. तरी मला पेटतं काही त्यांच्या अंगावर ठेववेना. आईने तव्यावर जाडं मीठ तापवलं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं, गालाला लावलं, थोडा वेळ पंख्याखाली धरलं, पुन्हा गालाला लावलं आणि मग त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

अंघोळीच्या पाण्याचंही आता तसंच आहे. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या दाराशी उभे राहतात, आधी पाय घालत नाहीत. आई बांगड्या वर सारते, बादलीत कोपर बुडवते, एक तांब्या गार पाणी घालते, पुन्हा बुडवते. "या," म्हणते. मग ते आत जातात.